निजलेल्या मुलीचे माप

गादीवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी झोपावे लागे. खिडकीखाली एक बुटका लाकडी चौथरा होता आणि त्यावर चादर अंथरलेली असे. गिऱ्हाइकाने चपला काढून त्यावर पडायचे, डोळे मिटायचे, आणि गादीवाला सांगेपर्यंत उठायचे नाही. सुरुवातीला सगळेच लाजत. फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे ताठ पडून राहत. मग मागच्या खोलीतल्या पिंजणयंत्राची घरघर कानांत उतरे, खिडकीतल्या उन्हात कापसाचे तंतू वर-खाली तरंगत राहत, आणि माणूस हळूहळू आपल्या मूळ आकारात येई. कोणी कुशीवर वळे, कोणी गुडघे पोटाशी घेई, कोणाचा एक हात चौथऱ्याबाहेर लोंबू लागे. तेव्हा गादीवाला खिशातला खडू काढून त्या माणसाभोवती रेघ ओढी. टेप त्याने कधी हातात धरली नाही. उभा माणूस स्वतःला ताणून धरतो, असे त्याचे मत होते. निजला की तो खरा तेवढा होतो.

ही पद्धत त्याची स्वतःची की वडिलांची, हे खात्रीने सांगता येत नाही. तो वडिलांचे नाव घेतो. त्याची थोरली बहीण, जिला सगळी गल्ली आक्का म्हणते आणि जी मागच्या खोलीत गाद्यांच्या खोळी शिवते, ती सांगते की वडील टेपच वापरत आणि तिला कोणाला हात लावू देत नसत. एवढे मात्र पडताळता येते की चौथऱ्यावर गिऱ्हाइके खरोखर घोरत आणि ताटकळलेली माणसे कुजबुजत बोलत. आक्का भावाला चिडवी, "अख्ख्या गल्लीला झोपवतोस आणि स्वतः घुबडासारखा जागतोस."

जागण्याचे कारण तिला ठाऊक होते. ते कारण पाच-साडेपाच वर्षांचे होते आणि दुसऱ्या घरी झोपत होते.

मुलीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. अक्षरांच्या ओळी लहान करत नेऊन माणसाला कुठून पुढे दिसत नाही ते ठरवणे, हे तिचे काम. ती आणि गादीवाला दुकानावरच्या दोन खोल्यांत काही वर्षे एकत्र राहिली. लग्न करायचे राहून गेले, असे तो सांगतो. करायचेच नव्हते, असे ती सांगते. मुलगी तिथेच जन्मली. तिला तो बोंड म्हणे, कारण ती पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेली, गोल आणि हलकी होती. आई तिला शेंग म्हणे. बाळाची बोटे आणि पावले पाहूनच तिने ओळखले होते की ही आपल्या माहेरच्या उंचीवर जाणार.

ती दोघे वेगळी का झाली, याच्या हकिगती जुळत नाहीत. आईच्या मते मुलीचा खोकला, आणि त्या खोकल्याला कारण खालून जिन्याने वर येणारा कापूस. डॉक्टरांनी कापसावर ठपका ठेवला नव्हता आणि त्याला मोकळेही सोडले नव्हते. गादीवाला खोकल्याबद्दल बोलत नाही. आक्का म्हणते, दोघेही मुके, आणि दोन मुक्यांत भांडण लागले की मिटवायला कोणाला सापडत नाही. जाण्याच्या दिवसाबद्दल मात्र तिघांचे एकमत आहे. दुपार होती. आईच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. मुलगी झोपलेली होती, म्हणून तिला खाली रिक्षेपर्यंत गादीवाल्यानेच नेले. डोके त्याच्या खांद्यावर, गाल मानेला चिकटलेला, पावले त्याच्या पट्ट्यापाशी. जिना तो इतका सावकाश उतरला की रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मुलगी उठली नाही. निजलेली मुलगी त्याने पाहिली ती तेव्हा शेवटची.

लग्न झालेले नसल्यामुळे कायद्याच्या लेखी तो आधी कोणीच नव्हता. भेटीचा हक्क मागण्याआधी त्याला बाप असल्याचे मान्य करून घ्यावे लागले, आणि त्यात बराच काळ मुलीचे तोंड न पाहता गेला. आईने अडवले असते तर आणखी गेला असता. तिने अडवले नाही. न्यायाधीशांनी विचारले तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "बाप हाच आहे, त्यात वाद नाही. वाद रात्रीचा आहे."

म्हणून त्याला दुपारी मिळाल्या. दर शनिवारी न्यायालयाच्या बालकक्षात, भिंतीवर रंगवलेल्या हत्ती-जिराफांच्या खाली, तो आणि मुलगी समोरासमोर बसत. तिथे लहान खुर्च्या होत्या, घसरगुंडी होती, लाकडी ठोकळ्यांची टोपली होती. बसायला, चढायला, धावायला सगळे होते. आडवे व्हायला काही नव्हते. मुलगी त्याला घसरगुंडीवरून दिसली, ठोकळ्यांमागून दिसली, दारातून धावत येताना दिसली. ती वाढते आहे हे तो पाहत होता. पण त्याच्या धंद्यात उभ्या माणसाकडे पाहणे म्हणजे पाहणे नव्हतेच.

पुढच्या सुनावणीत ठरले की न्यायालयाच्या भेट-अधिकारी बाईंनी त्याचे घर पाहावे. मुलीला तिथे स्वतंत्र, स्वच्छ जागा आहे असे त्यांना आढळले आणि आईची हरकत उरली नाही, तर शनिवारची रात्र मुलीने बापाकडे काढावी. तसे न झाल्यास ती मोठी झाल्यावर पाहू. मोठी म्हणजे केव्हा, हे कोणी सांगितले नाही. घरी आल्यावर तो आक्काला एवढेच म्हणाला, "दुपारचा बाप म्हणजे पाहुणाच गं. पाणी प्यायचं आणि निघायचं."

मग तो कामाला लागला. जिन्याच्या तोंडाशी त्याने घट्ट बसणारे दार लावून घेतले. वरच्या खोल्या भिंतींसकट धुतल्या. पिंजणयंत्र मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवले, आणि दुकानात पहिल्यांदाच अशी शांतता झाली की गिऱ्हाइकांना झोप लागेना. सुताराने छोटी खाट करून दिली. गादीचा कापूस त्याने तीनदा पिंजला, बोटांनी कचरा निवडला, मुठीत दाबून पाहिला आणि सोडल्यावर तो कसा श्वास घेतल्यासारखा फुगतो ते पाहत राहिला.

आक्काने खोळीचे माप विचारले तेव्हा त्याने डोळे मिटले, हात पुढे करून त्यांवर काहीतरी तोलल्यासारखे धरले, आणि दोन तळहातांतले अंतर तिला दाखवले. वाढीची म्हणून त्यात एक वीत मिळवली. आक्का म्हणाली की येत्या शनिवारी पोरीला टेप लावून ये. तो दुखावला. "बापाला माप विचारतेस?" आपल्याला तेव्हाच शंका आली होती, असे आक्का आज सांगते. खोळ मात्र तिने त्याच मापाची शिवली, आणि किनारीला निळी पट्टी लावली.

ठरलेल्या दुपारी भेट-अधिकारी बाई आल्या. त्यांच्यामागे आई आणि आईचा हात धरून मुलगी. बाईंनी जिन्याचे दार उघडून-लावून पाहिले, खिडकीच्या गजांना हात लावला, न्हाणीघरात डोकावून पाहिले. आईने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले आणि ते उजेडात धरले. बोट स्वच्छ होते. मग तिने खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली, आणि आक्काच्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली होती.

बाईंनी मुलीला सांगितले, "बघ बरं झोपून तुझ्या खाटेवर."

मुलगी खाटेवर चढली, उशीवर डोके ठेवले, पाय लांब केले. निळी किनार तिच्या पोटरीपाशीच संपली. दोन्ही पावले मोज्यांसकट हवेत राहिली.

मग आई म्हणाली, "अजून तेवढीच आहे, असं वाटलं का तुला?" तिचा आवाज चढलेला नव्हता. समोरच्या माणसाला कोणत्या ओळीपासून वाचता येत नाही हे कळल्यावर बोलावे, तशी ती बोलली.

गादीवाला निळ्या किनारीकडे पाहत राहिला. इतकी माणसे निजवून ज्याची रेघ कधी चुकली नव्हती, त्याची आपल्या मुलीच्या बाबतीत हातभर चूक झाली होती. बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहायला घेतले.

मुलीने सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिले. मग तिने गुडघे पोटाशी ओढले, पावले किनारीच्या आत घेतली, आणि ती म्हणाली, "बाबा, मावते की मी. हे बघ."

"नको," तो म्हणाला. "बोंडा, तसं नको. उठ."

त्याने कपाटातली चादर काढून जमिनीवर अंथरली, खिडकीतून ऊन पडत होते तिथेच. गिऱ्हाइकाला सांगे तसेच त्याने तिला सांगितले: इथे पड, डोळे मीट, मी सांगेपर्यंत उठायचे नाही. ती पडली. आधी ताठ, ओठ घट्ट मिटून, हसू दाबत. खाली शेडमधल्या यंत्राची घरघर आता खिडकीतून फार लांबून येत होती. हसू ओठांवरून उतरले. एक हात डोक्यावर गेला, एक पाय लांब सरकला, मान उजवीकडे कलली. तो गुडघ्यांवर बसून वाट पाहत होता. बाईंनी लिहायचे थांबवले होते. मुलीचा श्वास संथ झाला आणि बराच वेळ कोणाच्या लक्षात आले नाही की ती खरोखरच झोपली आहे.

तेव्हा त्याने खडू काढला. डोक्यापासून सुरुवात केली; कानाजवळून, कोपराभोवतून, कमरेवरून रेघ सावकाश खाली येत गेली. जिथे खडू अंगापासून जेमतेम दोन बोटांवरून न्यावा लागे, तिथे त्याने श्वास रोखला. पावलांपाशी पोहोचायला त्याला गुडघ्यांवर सरकावे लागले. तिथे तो थांबला आणि त्या पावलांकडे पाहत राहिला. ती आईची होती, लांब आणि अरुंद.

"माझ्याकडे दुपारची झोपत नाही ही," आई हळूच म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. "कितीही थोपटा."

पुढे काय करायचे, असे बाईंनी डोळ्यांनीच विचारले. मुलीला उठवायला कोणी तयार नव्हते. म्हणून सगळेच बसले. ऊन चादरीवरून जमिनीवर सरकले. आक्का पाण्याचा तांब्या घेऊन वर आली, दृश्य पाहिले आणि पायरीवरच थांबली. मुलगी एकदाही खोकली नाही. आईचे कान त्याच आवाजाकडे लागले होते, हे तिने पुढे स्वतःच मान्य केले.

शेवटी गादीवाल्याने खडूच्या रेघेशेजारी वीत टेकवली आणि मनाशी हिशेब करू लागला. आई वाकून पाहत होती.

"थोडी जास्त धर," ती म्हणाली. "वाढेल अजून."

"किती?"

तिने त्याच्या हातातला खडू घेतला आणि मुलीच्या पावलांपासून बरीच खाली एक आडवी रेघ ओढली.

बाईंच्या अहवालात खाट अपुरी असल्याची नोंद आहे, ती दुरुस्त होत असल्याची आहे, आणि आईची हरकत नाही असे शेवटी लिहिले आहे. हरकत नाही, असे शब्द आईने त्या दुपारी उच्चारल्याचे कोणालाच आठवत नाही. तिला विचारले तर ती म्हणते, रेघ ओढली ना.

गादीवाल्याने नवी गादी केली नाही. तीच उसवली, आक्काने खोळीला पायथ्याशी तुकडा जोडला, सुताराने खाट लांबवली. घाईत निळी पट्टी मिळाली नाही, म्हणून जोडाच्या पुढची किनार हिरवी आहे. पहिल्या शनिवारी मुलगी त्या गादीवर झोपली तेव्हा तिची पावले निळ्यापलीकडे गेली होती आणि हिरव्यात मोकळी जागा बरीच उरली होती. गादीवाला खाली चौथऱ्यावर येऊन आडवा झाला, आणि सकाळी आक्काने दुकान उघडले तेव्हा तो तिथेच, एक हात बाहेर लोंबवून, घोरत होता.