बैरूतच्या मॅडम

शारजात मला गाडी शिकवायला एक लेबनीज बाई होत्या. पन्नाशीच्या, भडक लिपस्टिक लावणाऱ्या, हॉर्न वाजवताना गुणगुणणाऱ्या. त्यांचं नाव मला कधी नीट उच्चारताच आलं नाही. मी मॅडम म्हणायचे. टेस्टमध्ये मी दोनदा नापास झाले होते. शेजारी परीक्षा घेणारा पोलीस अधिकारी बसला की मी भलत्याच वेळी ब्रेक दाबायचे.

तिसऱ्या टेस्टच्या सकाळी त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “आमच्याकडे यादवी चालू होती, तेव्हा मी ॲम्ब्युलन्स चालवायचे. एकदा तपासणी नाक्यावर एका लढाऊ गटाच्या कमांडरनं अडवलं. म्हणाला, ‘ड्रायव्हरला बोलाव.’ मी म्हटलं, ‘ड्रायव्हर मीच. मागे तुझाच माणूस जखमी पडलाय. थांबू की जाऊ?’”

“मग?”

“मग त्यानं स्वतः वाळूची पोती उचलून रस्ता मोकळा केला. माणूस वाचला. पुढे स्वतःच्या लग्नाला बोलावलं त्या कमांडरनं मला! हा अधिकारी तर नुसत्या कागदावर खुणा करतो. यल्ला, निघ!”

मी पास झाले. लायसन्स हातात पडल्यावर मॅडमनी मला घट्ट मिठी मारली. मला न्यायला आलेल्या माझ्या नवऱ्याकडून त्यांनी किल्ली मागून घेतली आणि माझ्या हातात ठेवली.

“खलास,” त्या त्याला म्हणाल्या, “आता तू मागे बस.”

तो मागचं दार उघडून बसला.