कपापर्यंतचं अंतर

आमचे अण्णा चहाचा कप घेण्याआधी मान किंचित डावीउजवीकडे हलवतात. खाणीत दगड फोडताना तुकडा उडून त्यांचा एक डोळा गेला, तेव्हापासूनची ही सवय. त्यांच्या त्याच खाणीतल्या मजुरीवर मी बी.एस्सी. झालो.

जग खोल आहे हे आपल्याला थेट दिसत नाही. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन चित्रांतल्या फरकावरून मेंदू ते ताडतो. एकच डोळा असला, की मान हलवावी लागते. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी; त्यावरून अंतर कळतं. कॉलेजात हे वाचताना मला अण्णाच दिसले होते.

टपरीवर त्यांचे सोबती या मान हलवण्याला हसायचे. काल मला राहवलं नाही. मी सगळ्यांना हे नीट समजावून सांगितलं. अण्णा कौतुकाने ऐकत होते.

मग त्यांच्यातल्या किसनकाकांनी वाफाळता कप पुढे धरला. "अण्णा, पोरगा म्हणतो ते खरं का बघू. मान न हलवता घे."

अण्णांनी मान ताठ ठेवून हात पुढे केला. बोटं कपाच्या अलीकडेच मिटली. सगळे हसले.

"बघा, शिकलेला आहे तो," अण्णा म्हणाले, आणि मान तशीच ताठ ठेवून त्यांनी पुन्हा हात पुढे केला.