काल्टहोफांचं जहाज

जर्मनीत आखनला माझ्याकडून पहिली सही घेतली ती विद्यापीठाने नव्हे, घरमालकाने. आणि तीही एका उशीसाठी. हेर, म्हणजे श्रीयुत, काल्टहोफ यांनी जाडजूड वही पुढे केली, "उशी एक, अभ्रे दोन" असं खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि शाई वाळेपर्यंत उशी काखेतच धरून ठेवली. बादली, बल्ब, तळघराची किल्ली, सगळ्यांसाठी हाच सोहळा. पन्नाशीच्या दशकाची अखेर होती. मी पुण्याहून बॉयलरवर संशोधन करायला आलो होतो आणि स्वस्तात दुसरी खोली मिळत नव्हती.

युद्धात ते हेवी क्रूझर जातीच्या एका मोठ्या युद्धनौकेवर होते. त्यांचा तोरा बघून मला वाटलं, कप्तान असावेत. निघाले भांडारपाल! "आमच्या जहाजावर असं चालत नसे," हे त्यांचं पालुपद. मी कांदा परतला, चालत नसे. जिन्यात शीळ घातली, चालत नसे. बैठकीत त्या जहाजाचं भिंतभर चित्र होतं आणि त्याखाली पोस्टकार्डाएवढा एका पोराचा फोटो. तो त्यांचा भाचा डीटर. "याला त्या जहाजावर मीच घेतलं," हेही ते छाती फुगवून सांगत.

त्या जहाजाची गोष्ट मला त्यांच्या बहिणीकडून कळली. जहाज बांधायला वर्षानुवर्षं लागली, सेवेत ते जेमतेम काही महिने राहिलं आणि पहिल्याच मोहिमेत, किनारा दिसत असताना, बुडालं. ही बहीण, फ्राउ एल्सा, म्हणजेच डीटरची आई. विधवा होत्या, भावाकडे राहून त्याचं घर सांभाळत. "ब्रुनो सांगतो, स्फोट झाला आणि पोराला काही कळलंच नाही," त्या भांडी पुसता पुसता म्हणायच्या. मग हात थांबायचा. "कळलं नसेल ना, हेर जोशी? तुम्ही इंजिनिअर आहात." मी मान डोलवायचो. दुसरं काय करणार? भावाच्या त्या एका वाक्यावर त्या बाईने सतरा-अठरा वर्षं काढली होती.

एका रविवारी जहाजावरचा एक जुना खलाशी कॉफीला आला. सांधेदुखीसाठी तो आखनच्या गरम झऱ्यांवर उतरला होता. काल्टहोफांनी फ्राउ एल्सांची "माझी बहीण" एवढीच ओळख करून दिली. केक खाता खाता पाहुण्याला रंग चढला.

"या ब्रुनोचं काय सांगू! जहाज कलंडलेलं आणि हा भांडाराच्या दारात वही घेऊन उभा. लाइफ जॅकेट हवं? आधी सही! नवी कोरी होती ना, तपासणी व्हायची होती म्हणे." तो खो खो हसला. "सख्ख्या भाच्यालासुद्धा रांगेच्या शेवटी पाठवलं. वशिला नको म्हणे! जॅकेटं संपली तेव्हा पोरगा तिथेच उभा होता. मामा मात्र जॅकेट घालून!"

"बरं, पुरे झालं," काल्टहोफ म्हणाले.

फ्राउ एल्सांनी कॉफीची किटली खाली ठेवली. "माझा मुलगा किती वेळ उभा होता?"

पाहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नियम होता, एल्सा. नियम सगळ्यांना सारखा," काल्टहोफ म्हणाले.

"मग तुझ्या अंगावर जॅकेट कसं?"

"माझी सही पहिली होती."

हे त्यांनी अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. फ्राउ एल्सांनी एप्रन काढला, मुलाचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि संध्याकाळच्या गाडीने त्या कोलोनला नणंदेकडे गेल्या. त्यांची बॅग घेऊन मी स्टेशनापर्यंत गेलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "डीटरला नीट पोहता येत नव्हतं. ब्रुनोला माहीत होतं."

महिन्याभरात मीही खोली सोडली. अशा वेळी, माणूस मनाने वाईट नव्हता, असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. मला त्यांची शिसारी आली होती आणि ती आजही गेलेली नाही. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते बैठकीत एकटेच बसले होते.

"हेर जोशी, तुम्ही शिकलेले आहात. खरं सांगा, जहाज चांगलं होतं ना?"

"जहाज तर चांगलंच होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. मी दार ओढून घेतलं.