खुर्चीवरून उठवलेला ड्रायव्हर

थोरल्या बहिणीच्या ऐंशीव्या वाढदिवसाची साडी वडगावातल्या मागावर अडकली होती, आणि वाढदिवस परवावर आला होता. काठाची बकुळ मी स्वतः लॅपटॉपवर काढलेली. मागाची नक्षी चालवणाऱ्या पेटीला वायर जोडली, की लॅपटॉप म्हणे, कुठली वायर? चार वेळा काढली, चार वेळा घातली. नवी आणवली, तिलाही शिव्या घातल्या.

"आक्का, दुपारपतोर न्हाय जमलं तर दुसऱ्याची साडी लावतो बघा," विणकर म्हणाला.

"लावा आप्पा. आणि परवा माझ्या बहिणीला तुम्हीच तोंड दाखवा."

तो तिला ओळखतो. त्यानं चहा मागवला.

लॅपटॉप आत काय काय करतो याची नोंद ठेवतो, ती शेवटी मी उघडली. वायर लागली की तो तिच्यातल्या चिपचा नंबर पुकारतो. ज्या ड्रायव्हरच्या, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत तो नंबर असेल तो पुढे येतो, तपासतो आणि ताबा घेतो. माझ्या वायरीचा ड्रायव्हर आला होता, बसलाही होता. लगेच अंधांसाठी स्क्रीनवरची अक्षरं बोटांखाली ठिपक्यांत उमटवणारी ब्रेल पट्टी चालवणारा प्रोग्रॅम आला आणि त्याला उठवून स्वतः बसला. काही पट्ट्यांत तीच चिप असते, नंबर तोच. पलीकडच्या टोकाला पट्टी आहे की माग, हे कोण विचारतो?

चिडावं तरी कुठल्या तोंडानं? बावीस वर्षांची असताना इथल्या लष्करी कॅम्पातल्या एका शाळेत मी मुलाखतीला गेलते. शिपायानं नुसतं आडनाव पुकारलं. आमचं आडनाव इकडे सीमाभागात मराठी घरांत जितकं, तितकंच कन्नड घरांत. आत गेले तर खुर्चीत एक बाई बसलेली. "माझं आडनाव पुकारलंय," मी ठणकावलं. ती बिचारी उठून बाहेर गेली. मुलाखत कन्नड शिकवायच्या जागेची होती. दहा मिनिटं मी "हौदु, हौदु", म्हणजे होय, होय, करत मान डोलावली. धडा वाचायला दिला, तेव्हा कुठं मला, बाईसाहेबांना, तहान लागली आणि मी उठले.

तो ब्रेलचा प्रोग्रॅम मी काढून टाकला नाही. मोतीबिंदू वाढतोय, उद्या मलाच लागेल. त्याच्या यादीतला तेवढा एक नंबर खोडला आणि वायर परत घातली. माग खडखडू लागला.

"काय केलासा?" विणकरानं विचारलं.

"एकाला खुर्चीवरनं उठवलं."

"बरं. उद्या सांजच्याला न्या साडी." मग तो काठावर वाकला. "पण आक्का, ही फुलं हैत व्हय? मला बटनं वाटली."