केरबाला छाती हाय

आकाराम क्लॅरोनेटवाल्याला राग यायला कारण लागत नाही, असं राजारामपुरीत म्हणत. साफ खोटं. त्याला राग होता तो एकाच शब्दाचा, 'छान'.

तीस वर्षं त्यानं सिनेमाच्या स्टुडिओत क्लॅरोनेट वाजवलं. बासष्ट साली त्याच्या जिवलग मित्रानं, बाळासोनं, एका चित्रपटाला पार्श्वसंगीत बांधलं. ते फसलंय हे आकारामला कळत होतं, पण मित्राचं मन कशाला मोडा, म्हणून तो 'छान' म्हणाला. निर्मात्यानं ते ऐकलं आणि अर्ध्या तासात बाळासोला घरी पाठवलं. त्यानंतर बाळासोनं पेटीला हात लावला नाही. गुळाच्या अडतीवर बसू लागला, तो बसलाच.

म्हणून चौऱ्याहत्तरच्या त्या गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये तालमीनंतर टाळ्या पडल्या, तेव्हा आकारामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यज्ञेश्वर मास्तर गणित शिकवायचे आणि हौसेनं चाली बांधायचे. एका नव्या सिनेमातल्या मायलेकींच्या ताटातुटीच्या प्रसंगाला त्यांनी संगीत रचलं होतं. आठ व्हायोलिनं, दोन ट्रम्पेट, ढोल, आणि क्लॅरोनेटला मलकापूरच्या लग्नाच्या बँडमधला केरबा. रविवारी निर्माता ऐकायला येणार होता. पसंत पडलं तर सिनेमा मास्तरांचा, नाहीतर पुन्हा कोणी दारात उभं करणार नव्हतं. 'छान, छान' करत शिक्षकमंडळी चहाकडे वळली. केरबा लालबुंद होऊन भिंतीला टेकून धापा टाकत होता. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

"गुरुजी, हे रविवारी वाजवलं तर हसं हुईल," आकाराम म्हणाला.

मास्तरांचा चेहरा पडला, मग तापला. काय चुकलं ते सांगा, नुसतं मोडीत काढू नका, असं त्यांनी सुनावलं. आकाराम सांगायलाच आला होता. आईची चाल अस्सल आहे, पण ढोल-ट्रम्पेटखाली ती पुरली गेलीय. ते दोन्ही काढा. लेक वळून बघते तिथं व्हायोलिनं दोनच ठेवा. एवढं मास्तरांनी कुरकुरत वहीत उतरवलं. केरबाच्या ओळीला मात्र ते हात लावू देईनात. महिनाभर पेटीपुढं बसून त्यांनी ती बसवली होती, एक सूर कुठं तुटत नव्हता.

आकारामनं पेटीचा भाता दाणकन मिटला.

"पेटीला भाता हाय, म्हणून सूर तुटत न्हाय. केरबाला छाती हाय. म्हणा बघू ही वळ एका दमात."

मास्तर ईर्ष्येनं गाऊ लागले. निम्म्यात आवाज चिरकला, डोळ्यांत पाणी आलं आणि ते श्वासासाठी थांबले. थांबले तिथंच आकारामनं वहीत पेन्सिलीची उभी रेघ ओढली. इथं कुणीच वाजवायचं नाही, आई बोलते ते इथं ऐकू येईल, असं त्यानं बजावलं.

पुन्हा वाजलं. केरबा रेघेशी थांबला, त्यानं श्वास घेतला, आणि हॉलमध्ये कपबशीसुद्धा वाजली नाही. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही, कुणी छान म्हणालं नाही. मास्तरांनी भीत भीत विचारलं, जमलं का.

"निम्मं जमलंय," आकाराम खेकसला. "बाळासोला हेच सांगाय पायजे हुतं. तवा माझ्या तोंडाला काय झालतं कुणास ठावं. चला, पहिल्यापास्नं."