बाबांच्या वतीनं

नवऱ्याला ठाऊक नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. गावातल्या माणसापुढे मान खाली घालायची मला सवय नाही.

आधी माझा तोरा ऐकून घ्या. बाबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. भाऊ पुण्याला, म्हणून मीच माहेरी येऊन राहिले. तेव्हा बाबांनी मला, राळेगावला दिलेल्या लेकीला, मुखत्यार केलं. निबंधकाच्या कचेरीत डावा अंगठा उठवला आणि चार माणसांदेखत म्हणाले, "आता इचं बोलणं म्हंजे माह्यं बोलणं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मुलगा असून लेकीच्या हाती शेत देणारा बाप आमच्याकडे रोज दिसतो का?

आणि मी त्या विश्वासाचं सोनं केलं — उगाच विनय कशाला? सातबाऱ्यावरची जुनी चूक दुरुस्त करून घेतली. रखडलेली मोटारपंपाची वीज आणली. तलाठीसुद्धा "बसा ताई" म्हणायला लागला. मग शेताला चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं, कारण रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, आमची तूर, कपाशी उभ्या उभ्या फस्त करायचे. बाबांना जन्मभर जमलं नाही ते मी करून दाखवलं. आजही शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभी राहिले की छाती भरून येते.

पण त्या कुंपणात एक वाट गेली.

वाट हरसिंगकाकांची. तांड्यावरचे हे बंजारा काका आमचे शेजारी, त्यांचं शेत आमच्या शेतामागं. बाबांनी तरुणपणी त्यांना बैलबंडी न्यायला आमच्या शेतातून रस्ता दिला होता. कागद नाही, पत्र नाही, नुसती जबान. बाबा त्यांना त्यांच्याच बोलीत "भिया", म्हणजे भाऊ, म्हणायचे, ते बाबांना दादा. बाबा अंथरुणाला खिळल्यावर काका रोज संध्याकाळी येऊन बसायचे. बोलायचे फार नाहीत. तंबाखू मळायचे, बाबांच्या डाव्या हातावर ठेवायचे.

फाटक ठेवता आलं असतं का? आलं असतं. पण फाटक कुणीतरी उघडं टाकणार, डुकरं शिरणार — आणि खरं सांगू? माझ्या शेतातून दुसऱ्याची बंडी जाते हेच मला खपत नव्हतं. "माझ्या" म्हणाले ना मी? तेव्हाही असंच म्हणायची.

काका बैल घेऊन आले आणि तारेपाशी थबकले. मी तिथंच होते. मी ठरवलं म्हणून बंद केला रस्ता — एवढं बोलायला काय जात होतं? पण मग ते थेट बाबांकडे गेले असते आणि बाबांनी तार कापायला लावली असती. तांड्यावरच्या माणसापुढे, मजुरांपुढे, माझा शब्द पडला असता. ते मला चालणार नव्हतं. म्हणून मी म्हणाले, "बाबांनीच सांगितलं बंद करायला."

"दादानं म्हटलं?" त्यांनी एकदाच विचारलं.

"मी मुखत्यार आहे काका. माझं बोलणं म्हणजे त्यांचंच."

"मंग झालं," म्हणाले आणि बैल वळवले. तेव्हापासून ते नाल्याकडून लांबचा फेरा घेतात. पावसाळ्यात तिकडून बंडी जात नाही, खताचं पोतं डोक्यावर न्यावं लागतं. ते मी माझ्या धुऱ्यावरून पाहिलेलं आहे. पाहून तोंड फिरवलं आहे.

आमच्या घरी ते पुन्हा आले नाहीत. मान त्यांनाही होताच की. हे माझ्या हिशेबातच आलं नव्हतं.

बाबा विचारायचे, "हरसिंग काहून येऊन नाही राह्यला?" मी म्हणायची, वेचणीची घाई आहे. वेचणी सरली तेव्हा मी म्हणाले, काका लेकीकडे गेले असतील. एक दिवस बाबांनी विचारणं बंद केलं. मला हायसं वाटलं — हो, वाटलं. आणि मग एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. किती दिवस मनात घोळवत होते कोण जाणे.

"माह्याकूनच काही चुकलं असन," म्हणाले. "तो उगाच रुसनारा मानूस नाही. तू माह्यी मुखत्यार हायेस नं? मंग माह्या वतीनं जाय अन् त्याची माफी माग."

मी गेले. बसस्टँडपर्यंत गेले, चहा घेतला, परत आले. तांडा तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

"मांगितली?"

"मागितली."

"काय म्हने?"

"म्हणाले, दादाबद्दल माझ्या मनात काही नाही."

भित्रेपणा म्हणा, क्रूरपणा म्हणा, दोन्ही शब्द मला लागू आहेत. तार तोडता आली असती. तोंड उघडता आलं असतं. बाबा जिवंत होते, काका जिवंत होते, आणि मी त्या दोघांच्या मध्ये उभी राहून दोघांच्याही नावानं खोटं बोलले. हरसिंगकाकांना आजही वाटतं की दादानं जबान मोडली.

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा मागितला, दाढी करून घेतली आणि खुर्ची दारात, तांड्याच्या रस्त्याकडे तोंड करून ठेवायला सांगितली.

मी ठेवली. दिवाळीनंतर बाबा गेले. तोवर रोज ठेवली.