पपनस कुणाच्या बाजूला पडलं

"झाड काढून टाक," रोहित म्हणाला. "भाऊ ठेव, भांडण ठेव. झाड ऐकणाऱ्याला दिसणार कुठून?"

बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालली होती. मी एका ऑडिओ-कथांच्या कंपनीत मराठीची संपादक आहे. आमचे श्रोते रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात किंवा भाजी चिरत असतात. त्यांच्यासाठी कथा निवडायच्या, लेखकाबरोबर बसून त्या नीट करून घ्यायच्या आणि रेकॉर्डिंगला पाठवायच्या, हे माझं काम. रोहित आमचा कंटेंट हेड. तो लखनौचा, मराठी येत नाही. त्यानं फक्त माझा इंग्रजी सारांश वाचला होता.

कथा यशवंतरावांची होती. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेल्या मराठी लोकांपैकी. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, देवनहळ्ळीत राहणारे. कथेत दोन भाऊ होते. शेताचे प्लॉट पाडून लेआउट झाला, घराची वाटणी झाली, मधे कमरेएवढी भिंत आली. भिंतीला लागून वडिलांनी लावलेलं पपनसाचं झाड. फांद्या दोन्हीकडे. झाड कुणाचं, यावर गाडी अडली. मोठा म्हणाला, तुला एवढं हवं असेल तर घे. धाकटा म्हणाला, मला तुझे उपकार नकोत. तेव्हापासून दोघांपैकी कुणीही त्या झाडाच्या फळाला हात लावला नाही. फळं पडायची आणि सडायची.

आमच्या धंद्यात दोन शब्द सारखे वापरले जातात, ते सांगून टाकते. प्रतीक म्हणजे कथेतली अशी वस्तू, जी स्वतःचं साधं कामही करते आणि दुसरं काहीतरी अंगावर वागवते. पपनस हे आधी खायचं फळ आहे. मग तो दोघांचा ताठा आहे. पहिलं नसेल तर दुसरं उभंच राहत नाही. आणि थीम म्हणजे विषय नव्हे. 'दोन भाऊ' हा विषय झाला. मानापायी माणूस हातातलं गोड फळ कुजू देतो, ही थीम.

झाड काढलं असतं तर उरली असती प्रॉपर्टीची केस. तशा कथा आमच्याकडे ढिगानं येतात.

"मला उद्यापर्यंत वेळ दे," मी रोहितला म्हटलं.

संध्याकाळी मडिवाळाच्या बाजारातून चांगली जड पपनसं आणली. सकाळी आमचा साउंड इंजिनिअर किरण आणि मी बिल्डिंगच्या बागेत गेलो. किरणनं माइक मातीजवळ धरला आणि मी बाकावर उभी राहून फळ सोडलं. वॉचमन लांबून बघत राहिला. पपनस पडल्याचा आवाज नारळासारखा टणक नसतो. धप्प. जड, ओलसर, एखादं माणूस बसकण मारतं तसा.

मीटिंगमध्ये मी तो आवाज लावला. मग म्हटलं, "आता समज, दोन घरांत दोन भाऊ जेवायला बसलेत. दोघांना हे ऐकू येतं. दोघं घास थांबवतात. कुणीच उठत नाही."

"ठीक आहे. झाड राहू दे," रोहित म्हणाला. "पण मग शेवट खोटा आहे. एवढा अडेल मोठा भाऊ एकदम हात जोडून माफी मागतो? का?"

त्याचं बरोबर होतं. मलाही ते खटकत होतं, पण नेमकं कुठे ते सापडत नव्हतं. शेवटी थोरला आजारी पडतो, धाकट्याला बोलावतो, रडत माफी मागतो आणि धाकटा त्याला मोठ्या मनानं क्षमा करतो. मी कथा पुन्हा वाचली आणि दोष दिसला. धाकटा कुठेच चुकत नव्हता. पानोपानी तोच समजूतदार, तोच सोसणारा. ताठा सगळा थोरल्याच्या वाट्याला. दोन भावांच्या अभिमानाची कथा म्हणून सांगितलेली, आणि अभिमान एकाच भावाला दिलेला.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी देवनहळ्ळीची बस धरली.

यशवंतराव फाटकापाशीच उभे होते. "या, मॅडम. ट्रॅफिक होती काय? स्वल्प बसा, कॉफी येते."

मी अंगणात वळले आणि थबकले. कमरेएवढी भिंत होती. भिंतीला लागून झाड होतं. खाली फळं पडून काळी पडली होती. भिंतीपलीकडे दोरीवर पांढरं धोतर वाळत होतं.

संपादकानं लेखकाच्या घरात डोकावू नये, असं माझं मत आहे. मी कॉफी प्यायले आणि कथेबद्दलच बोलले.

"शेवट बदलायला हवा. थोरल्याची माफी पटत नाही."

"का पटत नाही?" त्यांचा आवाज चढला. "अण्णानं माफी मागायलाच पाहिजे की!"

कथेत त्या भावाचं नाव रामराव होतं.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. "धाकटा एकदा तरी चुकायला हवा. बरोबर असण्याचाही ताठा असतो, यशवंतराव. तो ह्या माणसात काठोकाठ भरलाय, पण कथेला ते माहीतच नाही. इतक्या वर्षांत एक फळ उचलून पलीकडे नेऊन द्यावं, असं त्याला का वाटलं नाही?"

"मी कशाला नेऊ?"

ते बोलून गेले. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ते उठले.

"कथा परत द्या, मॅडम. मला छापायची नाही, ऐकवायची नाही. माझा शेवट तोच."

"तुमचा निर्णय. पण ह्या शेवटासकट मी ती घेऊ शकत नाही. बाकी कथा फार चांगली आहे, म्हणूनच घेऊ शकत नाही."

"सरी," ते म्हणाले. कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'बरं'. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ 'निघा' असा होता.

रोहित भडकला. भावांवरच्या मालिकेची ही पहिली कथा होती, स्टुडिओ बुक होता, कलाकार ठरला होता. "लेखकाचा शेवट ठेवला असता तर काय बिघडलं असतं?" त्यानं विचारलं. तूच खोटा म्हणाला होतास, एवढंच मी म्हटलं. मालिकेत वेगळीच कथा पहिली लावायची तयारी मी सुरू केली. काळजी होतीच. पण आपलं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात यशवंतरावांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "शेवट वाचतो, ऐका," म्हणाले आणि वाचू लागले.

नव्या शेवटात थोरला आजारी पडतच नाही. धाकटा एक पिकलं पपनस उचलतो, पुसतो, भिंतीपाशी जातो. पलीकडे भाऊ पाठमोरा बसलाय. 'अण्णा' एवढीच हाक मारायची आहे. ती गळ्यातून निघत नाही. तो फळ भिंतीवर ठेवून घरात येतो. सकाळी भिंतीवर फळ नसतं. भावानं नेलं की माकडानं, हे त्याला कधीच कळत नाही. विचारायला जावं लागलं असतं.

"हे रेकॉर्ड होणार," मी म्हटलं. "एक शब्दही बदलणार नाही."

"शेवट जमेना म्हणून करूनच बघितलं, मॅडम," ते म्हणाले. "फळ घेऊन गेलो."

"आणि?"

"मी भिंतीवर ठेवायला गेलो तर अण्णा समोरच. म्हणाला, ह्या फांदीचं आंबट असतं, माझ्याकडच्या फांदीचं आण. मी म्हटलं, एकाच झाडाचं आहे की रे! त्यावर भांडलो. चांगले तासभर भांडलो. शेवटी त्यानं त्याच्या फांदीचंही एक काढलं. वहिनीनं दोन्ही फळं सोलली, मीठ-तिखट लावून दिली."

"कुठलं आंबट निघालं?"

"दोन्ही."

मी हसले. "मग हेच का नाही लिहिलं?"

"ते लिहायचं नाही. ते आमच्या घरचं आहे."

कथा मालिकेत पहिलीच लागली. फळ कुणी नेलं ते सांगा म्हणून श्रोत्यांचे मेसेज अजून येतात. काही जण चिडून लिहितात. रोहित विचारतो, काय उत्तर द्यायचं? मी सांगते, देऊ नकोस.

आता भावांची कथा आली की मी आधी शेवटचं पान उघडते. माफी कोण मागतंय ते बघते. लेखक त्याचा भाऊ असतो.